डाव्या हँगरचा आवाज

आधी माफी मागतो. हा अंक वाचणारे लोक जाणते आहेत आणि यात लिहिणारेही. मी बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला आहे, तेही मध्ये दोनदा खंड पडून, वयाच्या चोविसाव्या वर्षी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. मराठीच्या मॅडमनी दिवाळी अंकासाठी ‘तू जे काम करतोस त्याबद्दल लिही’ असं सांगितलं, तेव्हा मी दोनदा नाही म्हणालो. कामाचे अनुभव लिहावेत ते तीस-चाळीस वर्षं काम करून बाजूला झालेल्या माणसांनी. माझी सगळी मिळून सात वर्षं. खरं तर हे लतीफ उस्तादांनी लिहायला हवं होतं. पण उस्तादांना सहीपलीकडं लिहिता येत नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तू लिही. मला वाचून दाखव. खोटं लिहिलंस तर हातोडी फेकून मारीन.”

म्हणून लिहितो आहे. आणि दुसरं कारण असं, की यात माझी एक चूक आहे. ती तोंडानं सांगायला मला अजून जमत नाही.

माझं गाव उमरी तालुक्यात. अकरावीला अहमदपूरला मामाकडं आलो आणि मामाच्या ओळखीनं उस्तादांच्या दुकानात लागलो. सकाळी कॉलेज, मग दुकान. दुकान लातूरकडं जाणाऱ्या रस्त्याला आहे. समोर पत्र्याची शेड, मागं कोळशाची भट्टी, बाजूला मोडक्या पाट्यांचा ढीग. पाटीवर नाव आहे, फोन नंबर नाही. उस्ताद म्हणतात, “ज्याचा पाटा तुटला तो येतोच. ज्याचा तुटला न्हाई त्यानं फोन कशाला करावा?”

आमचं काम पाट्याचं. बाहेरच्या माणसाला सांगायचं तर, पिकअपच्या मागच्या चाकाजवळ वाकून पाहा. धनुष्यासारख्या वाकलेल्या पोलादी पट्ट्या एकावर एक रचून बांधलेल्या दिसतील. तेच पाटे. सगळ्यात वरचा मेन पाटा. त्याच्या दोन्ही टोकांना डोळे असतात, म्हणजे गोल वळवलेली भोकं. पुढचा डोळा ज्या लोखंडी कानात अडकवलेला असतो, त्याला हँगर म्हणतात. हँगर गाडीच्या चेसीला, म्हणजे खालच्या सांगाड्याला, रिबिटांनी पक्का केलेला असतो. मागचा डोळा शॅकल नावाच्या हलत्या कडीनं मागच्या हँगरला लटकतो. गाडीत बसलेली माणसं, पोती, शेळ्या, लग्नाची भांडी, जे काही असेल ते सगळं शेवटी या पट्ट्यांवर आणि त्या कानांवर लटकून चाललेलं असतं. आणि ते कुणी बघत नाही. जुनी पिकअप घ्यायला आलेला माणूस काय बघतो? रंग, टायर, इंजिनचा आवाज, कॅसेटच्या जागी नवा टेप बसवलाय का ते. खाली झोपून कुणी बघत नाही. कपडे खराब होतात.

उस्ताद मात्र आधी खाली झोपतात. त्यांचं वय पासष्टच्या पुढं, एका डोळ्याला कमी दिसतं. पण ते गाडीखाली गेले की गाडीचा मागचा जन्म सांगतात. चेसीच्या सांध्यात लाल भुकटी, म्हणजे विटा वाहिल्या. पाट्याच्या बेचक्यात बारीक पिसं अडकलेली, म्हणजे कोंबड्या. एकदा एक ठेकेदार नवीकोरी दिसणारी जुनी पिकअप घेऊन आला. उस्तादांनी हँगरवरचा गंज नखानं खरवडला आणि चक्क जिभेवर ठेवला. मग थुंकून म्हणाले, “समुद्र बघून आलेली हाय ही.”

ठेकेदार हसायला लागला. “उस्ताद, ही तर पुण्याच्या बाजारातून आणली.”

“पुण्याच्या आधी मासळी वाहिली हिनं. खारं पाणी ठिबकलंय. वरून काळा रंग मारला की दिसत न्हाई, पण आतून खाल्लंय.” त्यांनी हातोडीनं जरा जोरात ठोकलं, तर हँगरचा पापुद्रा त्यांच्या छातीवर पडला.

उस्तादांनी समुद्र कधी पाहिलेला नाही. मीही नाही. पण त्या दिवशी मी ती भुकटी हळूच जिभेला लावून बघितली, आणि ती खरोखर खारट होती. समुद्राची पहिली ओळख मला अहमदपूरला अशी झाली.

दुसरी एक गोष्ट सांगतो, कारण तिच्याशिवाय पुढचं कळणार नाही. एका सकाळी लोहा तालुक्यातला एक माणूस पिकअप टो करून घेऊन आला. नुसता घाबरलेला. म्हणाला, “उस्ताद, गाडी दारात उभी व्हती. रिकामी. कुणी हात लावला न्हाई. पहाटं बंदुकीवानी आवाज आला आन् पाटा तुटला. आमच्या भावकीतलं कुणीतरी भानामती करून राहिलंय.”

उस्तादांनी त्याला चहा पाजला. तुटलेला मेन पाटा काढून त्याच्या मांडीवर ठेवला. म्हणाले, “ह्या तोंडाला बघा. हा काळा भाग दिसतो का? आन् हा चमकतो तो?”

पाट्याचं तुटलेलं तोंड अर्ध्याहून जास्त काळपट, गंजलेलं होतं. उरलेलं दाणेदार, साखरेसारखं चकचकीत.

“काळा भाग हाय तो जुना तडा. वरीसभर, कदाचित त्याच्याबी आधीपासून तुटून राहिला व्हता. थोडा थोडा, रोज. चमकतंय तेवढंच आज पहाटं तुटलं. थंडीनं लोखंड आखडलं, तेवढं निमित्त. तुमची भावकी बरी हाय. तुम्हीच मागच्या वर्षी जास्ती रेती भरली असंल.”

तो माणूस बराच वेळ त्या तोंडाकडं बघत राहिला. मीही. तेव्हापासून मला प्रत्येक तुटलेल्या पाट्याचं तोंड बघायची सवय लागली. गाडी पळत असते, माणसं आत गाणी म्हणत असतात, आणि खाली लोखंड किती तुटलंय, किती उरलंय, याचा हिशोब अंधारात चाललेला असतो. मला याचं भय वाटत नाही, आश्चर्य वाटतं. ते उरलेलं थोडंसं लोखंड किती दिवस सगळं धरून ठेवतं!

पण तडा दिसतो तुटल्यावर. तुटण्याआधी कळायला एकच मार्ग, आवाज. उस्तादांची एक छोटी हातोडी आहे, दांडा बोरीचा. तिनं हँगर, शॅकल, पाटा ठोकायचा आणि कान द्यायचा. धड लोखंड ‘ठण्ण’ करतं आणि तो आवाज थोडा वेळ रेंगाळतो. आतून खाल्लेलं किंवा तडकलेलं लोखंड ‘ठब्’ करतं आणि गप्प होतं. सांगायला एवढं सोपं आहे. शिकायला मला चार वर्षं लागली. पाचव्या वर्षी उस्तादांनी ती हातोडी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, “आजपासून तू ऐक. माझा एक कान आता भट्टीकडंच असतो.” मला बी.ए.ला प्रवेश मिळाला तेव्हा घरी आईनं साखर वाटली होती. मला विचाराल तर हातोडी मिळाली तो दिवस मोठा होता.

आता मुक्ताबाई.

मागच्या वर्षी सोयाबीन काढणीचे दिवस होते. माझी परीक्षा सुरू झालेली. त्या दिवशी दुपारी दोन वाजता राज्यशास्त्राचा पेपर होता. हा विषय माझा आधी एकदा राहिलेला. त्या वेळीही गेला असता तर पुन्हा वर्ष वाया. सकाळी अकराच्या सुमारास एक पांढरी पिकअप दुकानासमोर उभी राहिली आणि ड्रायव्हरच्या बाजूनं एक बाई उतरली. वय पंचेचाळीसच्या आसपास, कासोटा घातलेला, डोक्याला टॉवेल. मागून पंधरा-सोळा बायका उतरल्या, विळे पिशवीत गुंडाळलेले. आमच्या रस्त्याला बाई पिकअप चालवताना मी पहिल्यांदाच पाहत होतो, आणि ते माझ्या तोंडावर दिसलं असावं.

“काय बघतो रे? भावाच्या ट्रॅक्टरवर शिकले,” ती म्हणाली. “माझं नाव मुक्ता. किल्लारीच्या बाजूची. ह्या सगळ्या माझ्या टोळीतल्या. इतके दिस दुसऱ्याच्या गाडीत उभ्यानं जायच्या, आता सोताची घेतली. जुनी हाय, पण रंग बघ कसा हाय.”

रंग खरंच सुंदर होता. खालूनसुद्धा.

तिला दोन्ही बाजूंना एकेक जादा पाटा टाकून हवा होता. जाताना बायका, येताना बायका आणि वर शेतकऱ्याची पोती. गाडी मागून बसत होती. जादा पाटा टाकला की गाडी उचलून धरते, हे बरोबर. पण मग पाटा कडक होतो, खड्ड्याचा धक्का मुरत नाही, तो सरळ हँगरवर जातो. म्हणून जादा पाटा टाकण्याआधी हँगर ठोकून बघायचा, हा आमच्या दुकानाचा नियम.

उस्ताद भट्टीवर होते. लाल झालेला पाटा हवा तसा वाकवून तेलात बुडवण्याची वेळ. तेव्हा त्यांना हलता येत नाही. त्यांनी तिथूनच ओरडून सांगितलं, “मास्तर, ठोकून घे रे!” कॉलेजात जातो म्हणून मला दुकानात मास्तर म्हणतात.

मी खाली गेलो. उजवा पुढचा हँगर, ठण्ण. उजवा मागचा, ठण्ण. डावा मागचा बरा. डावा पुढचा...

डावा पुढचा हँगर मी तीनदा ठोकला. पहिल्यांदा वाटलं, ‘ठब्’. दुसऱ्यांदा शेजारच्या वेल्डिंगवाल्याचा ग्राइंडर चालू झाला, नीट ऐकू आलं नाही. तिसऱ्यांदा वाटलं, असेल थोडा मंद, काळ्या रंगाचा जाड थर आहे ना, त्यामुळं. रंग खरवडला असता तर कळलं असतं. पण रंग खरवडायचा म्हणजे उस्तादांना सांगायचं, उस्ताद म्हणणार चाक काढ, पाटा सोडव, हँगर उघडा कर. दोन तास. पाटे टाकायचे ते वेगळेच. आणि साडेअकरा वाजत आले होते.

“काय बोलतोय डावा?” उस्तादांचा आवाज आला.

मी म्हणालो, “ठीक हाय, उस्ताद.”

एवढंच. मी खोटं बोलायचं ठरवून बोललो नाही. पण खरं काय ते कळू नये म्हणून थांबलो नाही, हे मात्र खरं.

पाटे टाकून झाले. मुक्ताबाईनं जाताना पिशवीतून उकडलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. “परीक्षा हाय म्हनं तुझी? मघाशी हे उस्ताद मास्तर मास्तर म्हनत व्हते. लिही बाबा चांगलं. आमच्यात एक कांताच तेवढी लिहिती, बचत गटाचं रजिस्टर तीच बघती. बाकी आम्ही सगळ्या अंगठ्याच्या.” मागं चढून बसलेल्या बायकांत हशा पिकला. एक म्हणाली, “मास्तर, पास झालास तर पेढं आन किल्लारीला!” आणि गाडी गेली. सोळा बायका, विळे, आणि डावा पुढचा हँगर.

आमच्या कॉलेजात घंटा म्हणून रेल्वेच्या रुळाचा तुकडा टांगलेला आहे. शिपाईमामा त्यावर लोखंडी कांबीनं टोला देतात. तीन वर्षं मी तो ऐकत आलोय. त्या दिवशी दोन वाजता टोला पडला. ठण्ण. आवाज व्हरांड्यातून, वर्गातून फिरत राहिला, बराच वेळ. माझ्या हातात कोरी उत्तरपत्रिका होती. त्या क्षणी मला नक्की कळलं की डावा हँगर असा बोलला नव्हता. ग्राइंडर नव्हे, रंग नव्हे. तो ‘ठब्’ म्हणाला होता. पहिल्या टोल्यालाच.

मला इथं लिहायला आवडलं असतं की मी उठलो आणि पळालो. मी उठलो नाही. मी पेपर लिहिला. संघराज्य, राज्यपालांचे अधिकार, सगळं. शेवटची पुरवणी बांधली आणि मग पळालो. हेच ते, जे मला तोंडानं सांगता येत नाही.

दुकानात जाऊन उस्तादांना सांगितलं. वाटलं होतं ओरडतील. ते ओरडले नाहीत. त्यांनी हातातली सांडशी खाली ठेवली आणि विचारलं, “किती बाया व्हत्या?”

“सोळा. मुक्ताबाई धरून सतरा.”

पुढचा हँगर तुटला तर काय होतं ते उस्तादांना मला समजावून सांगावं लागलं नाही. त्या बाजूचं चाक एकदम मागं सरकतं, गाडी त्या अंगाला वळते, आणि स्टेअरिंग धरलेल्या माणसाचं काही चालत नाही.

गाडीचा नंबर कुणी लिहून घेतला नव्हता. मुक्ताबाईचं आडनाव माहीत नाही, गावाचं नाव माहीत नाही, फोन नाही. किल्लारीच्या बाजूची, एवढंच. उस्ताद रस्त्याच्या कडेला जाऊन उभे राहिले. मग म्हणाले, “खडू आण.”

पाटे कापण्याआधी खूण करायला आमच्याकडं जाड खडू असतात. मी आणले. लातूरकडं जाणारा पहिला ट्रक उस्तादांनी हात करून थांबवला. आमच्या रस्त्यावरचे निम्मे ड्रायव्हर उस्तादांना ओळखतात. तो व्यंकट होता, सिमेंटची गाडी चालवतो, फाळक्यावर दोन पोपट काढलेले आहेत. फाळका म्हणजे ट्रकचा मागचा आडवा दरवाजा. मागून येणाऱ्याला तोच दिसत राहतो.

“लिही,” उस्ताद मला म्हणाले. “एवढा शिकलास ना? लिही.”

व्यंकट खाली उतरून ओरडायला लागला. “ओ उस्ताद, मागच्या महिन्यात रंगवलाय फाळका! माझ्या गाडीला काय शाळेची पाटी समजून राहिलात का?”

“सतरा बाया हायेत, व्यंकट.”

व्यंकट जवळ आला. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, “पोपटावर नको लिहू, मास्तर. खाली लिही. मोठं लिही.”

मी लिहिलं: मुक्ताबाई किल्लारी. गाडी उभी करा. डावा पुढचा हँगर. लतीफ उस्ताद अहमदपूर.

दिवस मावळेपर्यंत आम्ही दक्षिणेकडं जाणारी प्रत्येक गाडी थांबवत राहिलो. कडब्याचा टेम्पो, दुधाची गाडी, कापसाच्या गाठी, लातूरची एक जीपसुद्धा. काही ड्रायव्हर थांबले नाहीत. जे थांबले त्यांतल्या एकानंही शेवटी नाही म्हटलं नाही. एक जण म्हणाला, “आमच्या मालकाला काय सांगू?” आणि मग स्वतःच म्हणाला, “जाऊ दे, मालक मागून थोडाच येतोय.” एकानं माझ्या हातून खडू घेऊन आपल्या दोन्ही बाजूंच्या फाळक्यांवरही तेच लिहिलं. उस्ताद प्रत्येकाला सांगत होते, कुठं पांढरी पिकअप दिसली, बाई चालवत असली, तर आडवी घाला. मी सात वर्षं या रस्त्यावर काम केलं, पण रस्ता असा एखाद्या माणसासारखा निरोप घेऊन जाताना मी कधी पाहिला नव्हता. माझा खडूचा हात दुखत होता. मोजले नाहीत, पण दोन खोके संपले.

दुसऱ्या दिवशी पेपर नव्हता. मी लातूरमार्गे किल्लारीला गेलो. जीप स्टँडवर विचारलं. तिथल्या चहावाल्यानं लगेच ओळखलं. “गाडी चालवणारी मुक्ता? ती टोळी घेऊन निघून गेली की. काल सांच्याला इथं चहा पिऊन गेली. तिकडं कर्नाटकाच्या अंगाला सोयाबीन हाय, मग तूर. आता संक्रांतीबिगर यायची न्हाई.” म्हणजे गाडी तिथपर्यंत तरी धड पोचली होती. त्यानं तिच्या भावाचा नंबर दिला. भावानं तिचा नंबर दिला. तो बंद लागला. भाऊ म्हणाला, “तिचा फोन कधी चालू असतो का? ती म्हंती, फोन आला की काम थांबतं.” मी भावाला सगळं सांगितलं. तो म्हणाला, कळलं तर कळवतो. नंतर त्याचाही फोन आला नाही. मी करत राहिलो, तो रोज तेच सांगायचा, “न्हाई लागला.”

मग दिवस गेले. मी रोज सकाळी वर्तमानपत्र आधी आतल्या पानावरून वाचू लागलो. पिकअप उलटली, मजूर महिला, असं काही दिसलं की आधी गावाचं नाव शोधायचो. दोनदा आलं तसं; दोन्ही वेळा गाव दुसरं, गाडी दुसरी. आणि मला हायसं वाटायचं, मग हायसं वाटल्याची लाज वाटायची. ज्यांच्या घरी ती बातमी खरी होती त्यांचं काय?

उस्तादांनी माझ्याकडून हातोडी काढून घेतली नाही. पण माझं गाडी ठोकून झालं की ते भट्टीवरून उठून येत, खाली झोपत आणि सगळं पुन्हा एकदा ठोकत. त्यांचे गुडघे दुखतात, तरी. हे मला मार खाण्यापेक्षा जड गेलं. एकदा मी म्हणालो, “उस्ताद, मला काढून तरी टाका.” ते म्हणाले, “काढलं तर तू दुसरीकडं जाऊन ठोकशील. इथंच ऱ्हा. नीट ऐकायला शीक.”

मी एक विचारलं, जे बरेच दिवस मनात होतं. “निरोप पोचला असंल का हो?”

“फाळका सगळ्यांना दिसतो,” ते म्हणाले. “बघणाराला वाचता आलं पाहिजे.”

अंगठ्याच्या सगळ्या. मुक्ताबाईनं स्वतः सांगितलं होतं. एक कांता सोडून.

संक्रांत होऊन गेली. एका दुपारी, तूर मोंढ्यात यायला लागली होती, तेव्हा पलीकडच्या, कर्नाटक पासिंगचा एक ट्रक दुकानासमोर येऊन उभा राहिला. ड्रायव्हर अनोळखी, बोलण्यात कानडी हेल. सीटखालून गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी काढून त्यानं विचारलं, “लतीफ उस्ताद कोन? अक्कानं दिलंय. मुक्ताक्का.”

मी जागच्या जागी उभा राहिलो. उस्तादांनी गोणपाट सोडलं. आत एक हँगर होता. मधून तुटलेला.

ड्रायव्हरनं सांगितलं ते असं. दुकानातून गेल्यावर तिसऱ्या दिवशी, बायका भरून गाडी चालली होती. पुढं एक सिमेंटचा ट्रक. मुक्ताबाई त्याला ओलांडायला बघत होती. शेजारी कांता बसलेली. कांताला वाटेतल्या पाट्या वाचायची सवय, सगळ्या टोळीची करमणूक तीच. ती वाचायला लागली, “मुक्ताबाई किल्लारी...” मागच्या बायका हसल्या. मुक्ताबाई म्हणाली, “गप ए, माझी चेष्टा करती का?” कांता म्हणाली, “आगं देवाशप्पत! पोपटाच्या खाली लिहिलंय. गाडी उभी करा म्हनं.” मुक्ताबाईला तरी खरं वाटेना. पण तिनं गाडी कडेला घेतली. सगळ्या बायकांना खाली उतरवलं. मग पाना घेऊन डाव्या मागच्या चाकाजवळ वाकली आणि पुढच्या हँगरला एक टोला दिला. हँगर तुटून पाटा खाली बसला आणि गाडी डाव्या अंगाला झुकली. जागेवरच. रिकामी.

व्यंकटला यातलं काही माहीत नव्हतं. तो पोपट घेऊन तसाच पुढं निघून गेला होता.

उस्तादांनी हँगरचा तुकडा उजेडात धरला, मग माझ्यापुढं केला. “बघ.”

तुटलेलं तोंड सगळं काळं होतं. काळं, तपकिरी, पापुद्रे सुटलेलं. मी खालची कड नखानं खरवडून जिभेला लावली. खारट. समुद्र. फक्त वरच्या कोपऱ्यात एक बारीक ठिपका चमकत होता. करंगळीच्या नखाएवढा. तीन दिवस, सतरा माणसं, जादा पाटा, आमच्याकडच्या रस्त्यांचे खड्डे, आणि ते सगळं त्या नखाएवढ्या लोखंडानं धरलं होतं. मी आजवर देवळात फार वेळा हात जोडलेले नाहीत. तिथं माझे हात आपोआप जोडले गेले.

उस्तादांनी बोरीच्या दांड्याची हातोडी उचलून माझ्या हातात दिली. मागं एक गाडी उभी होती, मघाशीच माझ्याकडून ठोकून झालेली. तिच्याकडं ते गेले नाहीत. भट्टीवर जाऊन बसले.

ड्रायव्हर म्हणाला, “मागं बी बघा. कांतानं लिहिलंय. वाटंत कुनाला पुसू देऊ नका म्हनली.”

मी ट्रकच्या मागं गेलो. फाळक्यावर खडूनं लिहिलं होतं, मोठ्या, तिरक्या, रजिस्टरातल्यासारख्या अक्षरांत. धुळीनं थोडं फिकट झालेलं.

“काय हाय?” भट्टीवरून उस्तादांनी विचारलं. “मोठ्यानं वाच.”

मी वाचलं. “लतीफ उस्ताद अहमदपूर. निरोप मिळाला. नवा हँगर टाकला. सतरा जणी खुशाल.”

“बस?”

खाली अजून एक ओळ होती. ती वाचायला मला वेळ लागला.

“अरे, बोल की. अजून काय लिहिलंय?”

“लिहिलंय, मास्तरचा पेपर कसा गेला ते कळवा.”